उरलेला वायसर

मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा नाही निवला. लष्करात मी बर्फात इंजिनं उघडली, वाळवंटात उघडली, पण अजूनही इंजिनासमोर बसलो की मला नाशिकच्या द्वारका चौकापलीकडचं ते गॅरेज आठवतं आणि दात आपोआप आवळले जातात. लष्करात का गेलात असं कुणी विचारलं की मी 'देशसेवा' म्हणतो, चारचौघांत तेच बरं दिसतं. खरं कारण एक मेस्त्री होता.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मी वीस वर्षांचा, आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स पहिल्या वर्गात पास झालेला. आमचं घर नाशिकरोडला, बुद्धविहारामागच्या कॉलनीत. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. ड्युटीवरून आले की आधी दोन बादल्या पाणी तोंडावर ओतायचे, तरी डोळ्यांच्या कडा काळ्याच राहायच्या. आपलं पोरगं कोळसा उचलत नाही, यंत्र उघडतं, याचं त्यांना एवढं कौतुक की माझं सर्टिफिकेट त्यांनी काचेत घालून दारासमोरच टांगलं होतं. येणाऱ्याला ते दिसलंच पाहिजे, आणि नाही दिसलं तर वडील दाखवायचेच.

गॅरेज आग्रा रोडला होतं. विंचूर-निफाडकडून कांदा भरून मुंबईला जाणारे ट्रक तिथे इंजिनाच्या कामाला यायचे. शेठ दारात खुर्ची टाकून बसायचा, पण राज्य मेस्त्रीचं. पन्नाशीचा, काटक, खाकी अर्धी चड्डी आणि कानावर पेन्सिल. चालू इंजिनाला पेचकसाचं टोक लावायचा, मूठ कानाला, आणि डोळे मिटून सांगायचा, "चार नंबरचं बेअरिंग." उघडलं की चार नंबरचंच असायचं. त्याच्या कानाला तोड नव्हती, हे मी त्याचा वैरी असूनही कबूल करतो. तोंडावर मी त्याला तुम्ही, अहो असं सगळं म्हणायचो. मनात कधी म्हटलं नाही, आणि इथेही म्हणणार नाही.

तो मला नावाने हाक मारत नसे. "ए आयटीआय, डिझेल आण." "ए आयटीआय, चेंबर धू." आणि डिझेलच्या पंपाचं टायमिंग लावायची वेळ आली, म्हणजे इंजिनाच्या कामातली सगळ्यात नाजूक गोष्ट, की हमखास म्हणायचा, "ए आयटीआय, जा, चहा सांगून ये." मी धावत जाऊन धावत यायचो. तोवर टायमिंग लागलेलं असायचं आणि तो हात पुसत उभा. दीड वर्षात मी त्या गॅरेजमध्ये शेकड्यांनी चहा आणला असेल, टायमिंग एकदाही पाहिलं नाही. उस्ताद लोक असेच असतात, हातचं राखून शिकवतात, असं म्हणून मी गिळत होतो.

त्याची आणखी एक पद्धत होती. तिचा त्याला भारी तोरा. इंजिन उघडलं की सुटे भाग एका मोठ्या पत्र्याच्या ताटात ओळीने मांडायचा. इंजिन बंद झालं की ट्रकमालक, ड्रायव्हर, शेठ, सगळ्यांना बोलवायचं आणि त्यांच्यासमोर ते ताट उलटं करून पाठीवर तीनदा पाना मारायचा. ठण, ठण, ठण. म्हणजे बघा, माझ्या हातून नटबोल्टच काय, सुईसुद्धा उरलेली नाही. मग रेडिएटरसमोर नारळ फुटायचा. ट्रकवाले लांबलांबून त्याचं ते उलटं ताट बघायला यायचे म्हटलं तरी चालेल. रिकामं ताट हीच त्याची अब्रू होती.

आता झालं काय, ते सांगतो. पुतणीच्या लग्नाला मेस्त्री चार दिवस गावी गेला. नेमका तेव्हाच चांदवडकडचा एक ड्रायव्हर ट्रक घेऊन आला. आमच्याकडचा नेहमीचा गडी, डबा उघडला की पहिला घास मला देणारा. हंगाम जोरात होता, त्याला थांबायला सवड नव्हती. शेठ म्हणाला, "तू करशील का रे?" मी म्हटलं, "करतो." पंपाला हात लावायची गरज नव्हती, बेअरिंगचं आणि पिस्टनचं काम होतं. अडीच दिवस मी ट्रकखालच्या खड्ड्यातून बाहेर आलो नाही. चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. ड्रायव्हर म्हणाला, "आयला, लय भारी आवाज हाय!" शेठने माझ्या पाठीवर थाप मारली. मी सायकलवर नाशिकरोडपर्यंत गात गेलो.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री परतला. ट्रक अजून दारातच होता. त्याने ऑइल फिल्टर खोलला, आत बघितलं, परत बसवला. "ठीक आहे," म्हणाला, "जाऊ दे." ट्रक कांदा भरायला विंचूरकडे गेला आणि संध्याकाळच्या आत दोरीने ओढून परत आणावा लागला. फिल्टर ढिला राहिला होता. सगळं तेल रस्त्यावर सांडलं आणि इंजिन जाम. ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणत होता, "थेंब नाय राहिला ना भाऊ आतमंदी."

त्या फिल्टरला शेवटचा हात कुणाचा लागला होता? मेस्त्रीचा. मी बघत होतो. त्यालाही माहीत होतं की मी बघत होतो. त्याने कानावरची पेन्सिल काढली, ढिल्या फिल्टरकडे रोखली आणि शेठला, ड्रायव्हरला, तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी सांगत होतो ना शेठ. यांच्या हाताला यंत्राचा गुण नाही. यांचं काम वेगळं."

'यांच्या' म्हणजे कुणाच्या, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. शेठ पायातली चप्पल नीट करू लागला. मी बोलायला गेलो तर मेस्त्री म्हणाला, "जा, चेंबर धू." आणि मी गेलो, धुतलं! त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड आहे. डिझेलमध्ये हात बुडवून मी पुढचे तीन महिने फक्त भाग धूत होतो, आणि धुता धुता एकच विचार: याचं नाक मी याच्याच ताटात घासायला लावीन.

त्याच महिन्यांत देवळालीला भरती निघाली. वडिलांनी कागद आणला. गाड्या दुरुस्तीचा ट्रेड हवा होता, आयटीआयवाल्यांना प्राधान्य. मैदानावर धावलो, छाती मोजली, लेखी दिली. मग ट्रेडची परीक्षा. एका टेबलावर इंजिन ठेवलेलं आणि पलीकडे मिशीवाला सुभेदार. टॅपेट लाव म्हणाला, लावले. गिअरबॉक्सचे भाग ओळखायला दिले, ओळखले. पंपाचं टायमिंग लाव म्हणाला. काय सांगणार? खरं तेच सांगितलं, "साहेब, त्या वेळी मला चहा आणायला पाठवायचे."

आसपासचे दोन जवान फिस्सकन हसले. सुभेदार नाही हसला. म्हणाला, "यहाँ चाय लानेवाला अलग है. यहाँ सब किताब में लिखा है, और किताब सबको मिलती है." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी मान खाली घालून पेचकस पुसत बसलो.

पत्र आलं. निवड झाली होती. सिकंदराबादच्या ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायला पाच आठवडे होते. मधे फक्त पोलिसांची चारित्र्य चौकशी व्हायची होती. वडिलांनी ते पत्र कॉलनीभर नाचवलं. आई मात्र पदराला डोळे पुसत म्हणाली, "पुन्हा लढाई झाली म्हंजे? इथं काय वाईट हाय तुझं?" वडील म्हणाले, "इथं काय चांगलं हाय ते सांग आधी."

आणि मी? मला जायचंही होतं आणि पाय निघतही नव्हता. आई समजायची लढाईला घाबरतोय. वडील समजायचे आईच्या रडण्याने विरघळतोय. दोघांनाही ठाऊक नव्हतं की माझ्या डोक्यात एकच शब्द घोंगावतोय: पळाला. मी गेलो की मेस्त्री चहाचा घोट घेत म्हणणार, "आयटीआय? तो पळाला. इंजिन जाम केलं आणि पळाला." ट्रकवाले ते विंचूरपर्यंत नेणार. सिकंदराबादला मी इंजिनांतला देव झालो तरी आग्रा रोडला मी फिल्टर ढिला सोडणाराच राहणार. एका रविवारी वडिलांना म्हटलं, "पुढच्या वर्षी जाईन." त्यांनी जेवता जेवता घास खाली ठेवला. "पुढच्या वर्षी पत्र येतंय होय? कोण लागून गेलास तू?" एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. माझ्या आठवणीत ते असे एकदाच उठले.

तेव्हा मी ठरवलं, जायचं. पण उट्टं काढून जायचं.

इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आपोआप सुटू नयेत म्हणून त्यांच्या डोक्याखाली एक पत्र्याचा वायसर बसवतात. त्याला कान असतात. बोल्ट आवळला की ते कान ठोकून वर दुमडायचे, म्हणजे बोल्ट जागचा हलत नाही. सहा रॉड, बारा बोल्ट, बारा वायसर. एवढासा तुकडा, पण तो बसवायचा राहिला तर बोल्ट हळूहळू सुटतो आणि भर वेगात रॉड इंजिन फोडून बाहेर येतो. भंगाराच्या ढिगात असे जुने वायसर ढिगाने पडलेले असायचे. मी एक उचलला, कान सरळ केले, डिझेलने लख्ख धुतला, ताज्या तेलाचा हात लावला आणि खिशात टाकला.

ओझरच्या एका ठेकेदाराचा ट्रक होता. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर बंद झालं. सगळे जमले. मेस्त्रीने ताट उचललं, नेहमीच्या थाटात उलटं केलं, आणि फरशीवर टण्ण.

अहाहा! काय सांगू तुम्हाला! ताट धुवायचं काम माझंच, त्यामुळे कडेच्या घडीत तो खोवून ठेवायला मला अर्धा क्षणही लागला नव्हता. वायसर गोल गोल फिरत ठेकेदाराच्या बुटाशी जाऊन पडला. मेस्त्रीचा पाना हवेतच राहिला. चेहऱ्याचा रंग असा उडाला की मला हसू दाबायला तोंडात फडकं कोंबावं लागलं. ठेकेदार म्हणाला, "काय मेस्त्री, हा आमच्या गाडीचाच ना?" नारळ तसाच राहिला. भरलेलं तेल काढून, चेंबर उतरवून त्याने सगळे बोल्ट तपासले. बाराच्या बारा वायसर जागेवर. वर आला तेव्हा घामाने निथळत होता. "जुना असेल," म्हणाला, "ताटाला चिकटलेला." तो स्वतःशीच बोलत होता.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी मी वायसर ताटात नाही, ताटाखाली पसरलेल्या गोणपाटाच्या घडीत ठेवला. ताटाबरोबर गोणपाट झटकलं गेलं आणि टण्ण. पुन्हा तेल काढणं, चेंबर उतरवणं, सगळं जागेवर. दुसऱ्या दिवसापासून मी पाहिलं, बोल्ट आवळून झाला की दोन मिनिटांनी तो परत त्याच बोल्टाला पाना लावायचा. मोजायचा, परत मोजायचा. ज्याच्या कानाला तोड नव्हती त्याचा स्वतःच्या हातावर भरवसा उरला नव्हता. माझ्या जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू! सायकलवर पुन्हा गाणी सुरू झाली. आई म्हणायची, पोरगं खुशीत हाय, जाणार म्हणून.

आणि मग तिसरा.

जायला चार दिवस होते. चांदवडकडचा तोच ड्रायव्हर आला होता, इंजिनाचं काम झालं की कांदा भरून कसारा घाट उतरून मुंबई. मी त्या दिवशी काहीही केलं नव्हतं. आईशप्पथ. दोन डाव साधले होते, तिसऱ्याला पकडलो गेलो असतो, एवढी अक्कल मला होती. सगळे जमले, मेस्त्रीने ताट उलटं केलं, आणि टण्ण.

मी स्वतःच दचकलो. मेस्त्रीने मात्र वायसरकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "कोण आहे रे तो?" ओरडला. "कोण माझी मस्करी करतंय? दोनदा फसलो, तिसऱ्यांदा नाही!" त्याने पायाने वायसर उडवला. तो घरंगळत माझ्या पुढ्यात आला. "शेठ, नारळ आणा. गाडी जाऊ दे."

मी वाकून तो उचलला. नवा होता, कोरा, त्याच दिवशी पुडक्यातून निघालेला. भंगारातला नव्हे. दोन वेळच्या खोट्याने मेस्त्रीचे डोळे असे बांधले गेले होते की खरा त्याला दिसतच नव्हता. आत एका बोल्टाखाली वायसर नव्हता, आणि त्या साऱ्या गॅरेजमध्ये ते फक्त मला कळलं होतं.

खरं सांगायचं तर पहिला विचार काय आला? जाऊ दे. गाडी जाऊ दे. रॉड इंजिन फोडून बाहेर येऊ दे, मेस्त्रीचं नाव आग्रा रोडवरून पुसलं जाऊ दे. चार दिवसांनी मी सिकंदराबादला, माझा काही संबंध नाही. याहून मोठा सूड मला देवाने ताटात वाढून दिला नसता. आणि बोललो तर? बोललो तर आधीचे दोन कुणी टाकले हे सांगावं लागणार. शेठ चौकीत देणार. पोलिसांची चौकशी अजून व्हायचीच होती. म्हणजे लष्कर गेलं.

ड्रायव्हर केबिनमध्ये चढत होता. वरून मला म्हणाला, "येतो रे. तू जायच्या आत मी काय परत येत नाय. नीट राहा तिकडं." मेस्त्री मेला असता तरी मला चाललं असतं. हा माणूस घाटात मेलेला मला चालणार नव्हता.

"मेस्त्री," मी म्हणालो, "आधीचे दोन मी टाकले होते. हा माझा नाही."

शेठच्या हातातला नारळ हातातच राहिला. मेस्त्री माझ्याकडे बघत राहिला. मारेल असं वाटलं. त्याने मारलं नाही. "बत्ती घे," म्हणाला, "आणि खाली उतर."

ट्रकखालच्या खड्ड्यात आम्ही दोघंच. तेल काढलं, चेंबर उतरवलं. मी बत्ती धरली. त्याची बोटं एकेका बोल्टावरून फिरत गेली. पाच नंबरच्या रॉडवर थांबली. बोल्ट आवळलेला होता, पण त्याखाली वायसर नव्हता. नुसता बोल्ट. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तळहात पुढे केला. त्याने वायसर उचलला, बसवला, आवळला, छिन्नीने कान वर दुमडले. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं असं मला वाटलं. वाटलं, आता तरी 'माझंच चुकलं' म्हणेल.

वर गेला, फडक्याने हात पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "सगळं जागेवर होतं. हासुद्धा यानेच टाकला."

मी खड्ड्यातच उभा होतो. माझ्या अंगातलं रक्त डोक्यात चढलं. ओरडावं, याची गचांडी धरावी, असं झालं. तेवढ्यात शेठ म्हणाला, "याला आत्ता चौकीत देतो!" आणि मेस्त्री शांतपणे म्हणाला, "राहू द्या शेठ. त्याला लष्कराचा कागद आलाय. चौकीत नाव गेलं की कागद रद्द. जाऊ द्या. ब्याद टळली." बोलताना तो शेठकडे नाही, खड्ड्यात माझ्याकडे बघत होता.

मला सौदा समजला. मी वायसरचं बोलायचं नाही, तो चौकीचं बोलणार नाही. आणि मी गप्प बसलो. वर आलो, सायकल घेतली आणि निघालो. पाठीमागून कुणीतरी म्हणालंच, "पळाला बघ."

चार दिवसांनी मनमाडहून छोट्या लाइनच्या गाडीत बसलो. पुढे सगळं चांगलं झालं. सुभेदाराने सांगितलं तसंच होतं, पुस्तक सगळ्यांना मिळायचं. पंपाचं टायमिंग मी तिसऱ्या महिन्यात शिकलो. एवढं सोपं होतं की मला राग आला. पण बरॅकमध्ये पडल्या पडल्या एकच गोष्ट टोचायची: ही वर्दी, हा ट्रेड, उद्या मिळेल तो हुद्दा, सगळं त्या माणसाच्या एका वाक्यावर उभं आहे. त्याने तोंड उघडलं असतं तर मी कोळशाच्या पट्ट्यावर असतो. वैऱ्याने उपकार करावा आणि तोही स्वतःची लाज झाकण्यासाठी! मी दात-ओठ खात शिकलो आणि बॅचमध्ये पहिला आलो.

पहिल्या लांब सुट्टीला घरी आलो तर वडील म्हणाले, "तुझा नंबर आला तवा मेस्त्रीला पेढे देऊन आलो. म्हणाला, पोरगं माझ्याच हाताखाली तयार झालं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वडिलांना खरं काय ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी सायकलवरून एवढ्या लांब जाऊन पेढे दिले होते. काय सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीची वर्दी चढवली. सुट्टीत वर्दी घालायची गरज नसते, मी मुद्दाम घातली. सगळ्यांसमोर विचारायचं पाठ करून गेलो होतो: पाच नंबरचा वायसर कुणाचा होता, मेस्त्री?

शेठ खुर्चीतून उठला. "अरे वा, साहेब झालास की!" मग आवाज उतरवून म्हणाला, "हा बघ ना, एकेक इंजिन तीन-तीनदा उघडतो. ताट उलटं करायचं तर केव्हाच बंद केलं. ट्रकवाले कंटाळलेत. म्हातारपण आलं म्हणायचं." मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

मेस्त्री खड्ड्यात होता. मला पाहून वर आला. दोन वर्षांत दहा वर्षांनी थकलेला. आयटीआय म्हणाला नाही. इकडेतिकडे बघून शेठ लांब गेल्याची खात्री केली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "चेंबर लावायचंय. एकदा खाली उतरून हात फिरवून बघतोस का? सगळे आहेत का तेवढं सांग."

पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं. शर्ट काढून घडी घालून ठेवला आणि खाली उतरलो. या वेळी बत्ती त्याने धरली. बारा बोल्ट, बारा वायसर, चोवीस कान, एकसारखे दुमडलेले. इतकं देखणं काम आमच्या वर्कशॉपमध्येही मी थोडंच पाहिलं होतं. कुठेही काही उणं नव्हतं. बत्ती धरून तो विचारत होता, "आहेत ना? सगळे आहेत ना?"

मी वर आलो. हात पुसले, शर्ट घातला, बटणं लावली.

"सातवा परत एकदा बघून घ्या," म्हणालो.

त्याचा चेहरा पांढरा पडला. फाटकाशी पोचलो तोवर मागे खड्ड्यात पान्याचा आवाज सुरू झाला होता. घरी आलो आणि त्या दुपारी आईच्या हातच्या चार भाकरी जेवलो.